पाळण्याची कॅसेट

"अरे, माणसं वर वर चढतायत," आत्या फोनवर म्हणाली. "माडावर चढावं तशी. एक गेलं की खालून दुसरं. आणि रंग उडालाय सगळ्याचा."

मी बँकेत काउंटरवर होतो, समोर पेन्शनरांची रांग होती. "आत्या, संध्याकाळी फोन करतो," म्हटलं आणि ठेवला. पण पुढचा तासभर पासबुकं भरताना डोक्यात तेच. माणसं वर चढतायत म्हणजे चित्र उभं सरकतंय. रंग गेलाय म्हणजे टीव्हीला रंग सापडतच नाहीयेत. दोन्ही एकाच कारणाने होऊ शकतं का? होऊ शकतं. ते कारण माझ्या घरी टेबलावर ठेवलेल्या हार्ड डिस्कमध्ये होतं आणि गेला आठवडाभर मी ते पाहूनही पाहत नव्हतो.

गोष्ट 2009 च्या दिवाळीनंतरची. आतेभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तिथे त्याच्या मुलाचं बारसं झालं. आत्याला गुडघ्यांमुळे जाता आलं नाही. आतेभावाने बारशाचं सगळं चित्रीकरण मिनीडीव्हीच्या कॅमेऱ्यावर केलं, ते कॉम्प्युटरवर उतरवलं आणि पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तळहाताएवढी हार्ड डिस्क माझ्याकडे पाठवून दिली. सोबत एकच वाक्य: आईला टीव्हीवर बघता येईल असं काहीतरी करून दे. कॉम्प्युटरचं काही असलं की आमच्या घरात ते माझ्याकडे येतं. मी फार शिकलोय म्हणून नव्हे. त्याच्या दहा वर्षं आधी घरातल्या तीन मुलींच्या लग्नाच्या माहितीपत्रिका मी टाइप करून दिल्या होत्या, तेव्हापासून.

आत्या राहते देवरुखजवळच्या एका वाडीत. तिच्याकडे एकवीस इंची, पोट मागे आलेला जुना टीव्ही होता आणि रत्नागिरीहून आणलेला डीव्हीडी प्लेअर. त्याचा मूळचा रिमोट उंदरांनी कुरतडल्यावर बाजारातून साठ रुपयांचा दुसरा आणलेला. मोझर बेअरने 2007 च्या सुमारास सिनेमे स्वस्तात विकायला सुरुवात केल्यापासून तिच्या फडताळात मराठी सिनेमांच्या वीसएक डिस्क जमल्या होत्या. त्या सगळ्यांना ती कॅसेटच म्हणे. टीव्ही माजघरात आणि फोन पडवीत, वायर तिथवरच पोचलेली. म्हणजे ती आत जाऊन बघणार, लक्षात ठेवणार, बाहेर येऊन मला सांगणार. पुढच्या पाच महिन्यांत माझं सगळं निदान या पडवीतल्या फोनवर झालं.

पहिल्या डिस्कबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. हार्ड डिस्कमध्ये जवळजवळ नऊ जीबीचा ऐवज होता, मिनीडीव्हीचा तासाला तेरा जीबी असा हिशेब असतो. साध्या डीव्हीडीवर लिहिलेलं असतं 4.7 जीबी, कॉम्प्युटर मोजतो 4.38. बसणार कसा? म्हणून मी फाइली दाबून लहान एव्हीआय केल्या, डिस्कवर नुसत्या टाकल्या आणि कुरियरने पाठवल्या. माझ्या कॉम्प्युटरवर चालत होत्या. आत्याच्या प्लेअरने थाळी फिरवली, कुरकुर केली आणि बॅड डिस्क असं लिहून तोंड मिटलं. चूक माझी, आणि शेंबडी चूक. साध्या प्लेअरला डिस्कवर व्हीडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं, त्यात ठरावीक नावांच्या व्हीओबी आणि आयएफओ फाइली लागतात, आणि आतलं चित्र एमपेग-2 सारख्या ठरलेल्या पद्धतीने बांधलेलं लागतं. त्याच्यापुढे दुसरं काही ठेवणं म्हणजे उपासाच्या दिवशी पानात भाकरी वाढणं.

दुसऱ्या वेळी रीतसर डीव्हीडी केली. प्रोग्रामने विचारलं, पाल की एनटीएससी? मी 'आपोआप' ठेवलं. प्रोग्रामने मूळ फाइल बघितली, ती अमेरिकन कॅमेऱ्याची, म्हणून त्याने एनटीएससी केली. माझ्या एलसीडी टीव्हीवर झकास दिसली. मी खूश होऊन पाठवली. आणि चार दिवसांनी माणसं माडावर चढली.

संध्याकाळी फोनवर मी तिला समजावायला गेलो. "आत्या, अमेरिकेतला टीव्ही वेगळा आणि आपला वेगळा. तुझा टीव्ही पाल आहे."

"काय आहे?"

"पाल."

फोन खाली ठेवल्याचा आवाज. मी थांबलो. दोनेक मिनिटांनी ती परत आली. "नाही रे बाबा. मागे बघितलं, खाली बघितलं. असली तर आत शिरली असेल मेली."

पालीचा गैरसमज दूर करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात खरं म्हणजे तिला सगळंच सांगून झालं असतं. आपल्याकडे विजेचे झोके सेकंदाला पन्नास, अमेरिकेत साठ. टीव्ही आले तेव्हा दोन्हीकडच्यांनी आपापल्या विजेचा ठेका धरला. आपलं चित्र सेकंदाला पंचवीस, त्यांचं तीसच्या जवळपास. आपल्या चित्राच्या दिसणाऱ्या आडव्या ओळी 576, त्यांच्या 480. सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली यायची सवय असलेल्या जुन्या टीव्हीला कोणी साठ वेळा यायला सांगितलं तर त्याची मांड सुटते आणि चित्र सरकत राहतं. रंगाचंही तसंच. एनटीएससीमध्ये रंग 3.58 मेगाहर्ट्झच्या लहरीवर येतो, पालमध्ये 4.43 च्या. आपला टीव्ही 4.43 वर कान लावून बसतो, तिथे काही ऐकू येत नाही, मग तो रंग बंद करून काळंपांढरं दाखवतो. माझ्या घरातला नवा टीव्ही दोन्ही भाषा बोलणारा, म्हणून त्याने मला काही कळूच दिलं नाही. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त फसवलं ते माझ्याच घरातल्या चांगल्या टीव्हीने.

प्लेअरला एका बटणाने पालवर आणता आलं असतं. बऱ्याच रिमोटवर एन/पी असं बटण असतं. मी तिला शोधायला लावलं. साठ रुपयांच्या रिमोटवर ते नव्हतं.

तिसरी डिस्क. आता पालमध्ये करायची होती. बाजारात तेव्हा 'एका क्लिकमध्ये सगळं' अशी ग्वाही देणारे ढीगभर प्रोग्राम मिळत. एकाची चाचणी आवृत्ती घेतली तर त्याने बाळाच्या कपाळावर कंपनीचं नाव छापलं, तिटेच्या जागी. तो काढून टाकला. दुसरा फुकट होता. त्याला तिन्ही तुकडे दिले. हो, फाइल एकच नव्हती. हार्ड डिस्क फॅट32 पद्धतीची, तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही, म्हणून बेचाळीस मिनिटांच्या बारशाचे तीन तुकडे झाले होते. पहिले दोन वीसेक मिनिटांचे आणि मग दोन मिनिटांची शेपटी. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने दिलेला सल्ला पाळला: जुन्या प्लेअरला मायनस आर घ्या, प्लस नको, आणि सोळाच्या वेगाने राइट करू नका, चारवर करा. हा सल्ला मात्र शेवटपर्यंत खरा ठरला.

यावेळी आत्याचा फोन जरा उशिरा आला, कारण तिच्याकडे दिवसाला सात-आठ तास वीज नसे आणि असे तेव्हा रात्रीची.

"रंग आलेत. माणसं जाग्यावर आहेत," ती म्हणाली. "पण बाळ आधी तोंड मिटतं आणि मग रडतं."

"सुरुवातीपासून?"

"नाही. सुरुवातीला बरोबर रडतं. मग हळूहळू बिघडत जातं. मग ते बंद पडतं. मग मी पुन्हा बटण दाबते, दुसरा भाग लागतो, त्यात पुन्हा पहिल्यासारखं जमतं आणि पुन्हा फिसकटतं."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. एखाद्या प्रोग्रामने असा अहवाल दिला असता तर मी त्याला पैसे मोजले असते. प्रोग्राम काय सांगतात? 'अज्ञात त्रुटी' आणि खाली एक आकडा. आत्याच्या दोन वाक्यांत सगळं होतं. आवाज सुरुवातीपासूनच चुकीच्या जागी असता तर तो नुसता सरकवून जुळवता आला असता. हा हळूहळू मागे पडत होता आणि नव्या तुकड्याला पुन्हा जागेवर येत होता. म्हणजे चित्राचा वेगच मोजायला चुकला होता.

हे जे मी मघाशी 'तीसच्या जवळपास' म्हटलं, तिथेच घोळ होता. अमेरिकेचा टीव्ही आधी सेकंदाला बरोबर तीस चित्रं दाखवायचा. 1953 साली तिथे रंगीत प्रक्षेपणाची पद्धत मंजूर झाली. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी उमटू नये म्हणून त्यांनी वेग हजारात एक हिश्शाने कमी केला. तीसचे 29.97 झाले. माझ्या फुकट प्रोग्रामने बिनदिक्कत तीस धरले. हजारात एक म्हणजे काय, असं वाटतं. वीस मिनिटांचे सेकंद होतात बाराशे, त्यांचा हजारावा हिस्सा एक सेकंद आणि वर थोडं. तेवढ्या वेळात बाळ तोंड मिटून घेतं.

"आणि ते बंद कुठे पडतं?" मी विचारलं.

आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "नाव ठेवायच्या वेळेला. सुनेची नणंद वाकते बाळाच्या कानाशी, कुर्र करायला, आणि कॅसेट बंद. पुढच्या भागात सगळ्या बायका पाठीत गुद्दे घालतायत. नाव काय ठेवलं ते ऐकायलाच मिळत नाही."

नाव तिला फोनवर पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण ते ऐकायला मिळत नाही म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. प्रोग्रामने तिन्ही तुकड्यांच्या तीन वेगळ्या चित्रफिती केल्या होत्या, आणि एक संपली की पुढची सुरू कर अशी आज्ञा डिस्कवर लिहिली नव्हती. प्लेअर आज्ञाधारक. आज्ञा नाही, तर थांबला. आणि चार जीबीची मर्यादा नेमकी त्या कुर्रवर येऊन पडली होती.

आता मला ईर्ष्या चढली. एका क्लिकचे प्रोग्राम सगळे काढून टाकले. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने एव्हीसिंथ दाखवलं. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत; नोटपॅडमध्ये आज्ञा लिहायच्या, एकाखाली एक. हे तुकडे जोड. हा वेग 29.97 धर. प्रत्येक चित्राच्या दोन झडपा सोडव, सेकंदाला साठ पूर्ण चित्रं कर, 480 ओळींच्या 576 कर, साठातली पन्नास कर, आणि पुन्हा दोन-दोनच्या जोड्या विणून पंचवीस कर. हे विणणं हा शब्द माझा नाही, एव्हीसिंथवाल्यांचाच आहे, आणि फार नेमका आहे. जुन्या टीव्हीचं चित्र खरोखर विणलेलं असतं. आधी एक सोडून एक अशा ओळी उमटतात, मग मधल्या. सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात अर्धं चित्र, पुढच्या हिश्शात उरलेलं अर्धं; ही अर्धी म्हणजेच त्या दोन झडपा. डोळ्याला ते एकसंध वाटतं.

आवाज 48 किलोहर्ट्झवर नेला. चित्राचा दर सुरुवातीला हौसेने नऊ मेगाबिट ठेवला होता, कारण डीव्हीडीला 9.8 पर्यंत मुभा असते आणि जागाही भरपूर होती. पण घरी राइट केलेल्या डिस्कवर इतक्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळतात, म्हणून सहावर आणला. सगळं मिळून दोन जीबीसुद्धा झालं नाही. शिवाय कलाकुसर म्हणून सुरुवातीला खालच्या बाजूला मराठीत बाळाचं नाव आणि तारीख घातली. तिथे वेगळीच मौज झाली. मथळे घालायच्या प्रोग्रामला देवनागरीची अक्षरं माहीत होती, पण त्यांचं एकमेकांशी नातं माहीत नव्हतं. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षराचा पाय मोडून बाजूला पडला. शेवटी मी पेंटमध्ये ते नाव लिहिलं, त्याचं चित्र केलं आणि चित्र चिकटवलं. चित्राला वेलांटी कळायची गरज नसते.

कॉम्प्युटर रात्री आठला लावला. सकाळी सातला काम संपलं. अकरा तास. बायको म्हणाली, एवढ्या वेळात बारसं होऊन मुंज झाली असती. मी ती डिस्क आमच्या टीव्हीवर आधीपासून शेवटपर्यंत बघितली. आवाज तंतोतंत. कुर्र ऐकू आलं, नाव ऐकू आलं, गुद्दे दिसले, सलग. कुरियरच्या पाकिटावर पत्ता लिहिताना माझं अक्षरसुद्धा चांगलं आलं.

"नाव ऐकलं," आत्या म्हणाली. आणि मग थांबली. मला त्या थांबण्याची आता भीती वाटायला लागली होती.

"काय झालं?"

"काही नाही. चांगली आहे. फक्त पाळण्याला कापरं भरलंय. बाकी माणसं बसलेली आहेत ती बरी बसलीत. पण पाळणा हलला की कापतो. हात हलवला कोणी की हात कापतो. आणि खाली कपडे कोणी वाळत घातलेत ते?"

"कपडे?"

"दोरी आहे बघ एक आडवी. वर चिमटे लावलेत दोन-तीन."

कपड्यांच्या दोरीचा उलगडा मला रात्री अंथरुणावर झाला आणि मी एकटाच हसलो. जुन्या टीव्हीच्या काचेच्या चौकटीआड चित्राच्या कडा लपलेल्या असतात, चारही बाजूंनी साधारण पाच टक्के. बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलेलं, म्हणजे चित्र थोडं आक्रसलं तरी काळी पट्टी दिसू नये. मी बाळाचं नाव अगदी तळाला चिकटवलेलं. तिच्या टीव्हीवर त्याचा खालचा सगळा भाग चौकटीआड गेला आणि वर उरली शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि वेलांट्या. दोरी आणि चिमटेच की. रोमन अक्षरांत लिहिलं असतं तर असं काही दिसलंच नसतं.

कापऱ्याचं मात्र डोक्यात शिरेना. माझ्या टीव्हीवर पाळणा लोण्यासारखा हलत होता. कॉम्प्युटरवरही. आणि मग जे डिसेंबरातच सुचायला हवं होतं ते फेब्रुवारीत सुचलं: जो दोष आत्याच्या टीव्हीवर आहे तो बघायला आत्याच्यासारखा टीव्ही लागेल. आमच्या सोसायटीत तसला एकच उरला होता. वॉचमनच्या खोलीत, चौदा इंची.

वॉचमनकाका सोलापूरकडचे. रात्री साडेदहाला मी माझा प्लेअर, तीन वायरी आणि डिस्क घेऊन त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांना वाटलं मी कुठल्यातरी चोरीची चित्रफीत दाखवायला आलोय. प्लेअर स्टुलावर ठेवला, पिवळी वायर लावली. पाळणा आला. काका बिडी विझवून पुढे सरकले.

"साहेब," ते म्हणाले, "पाळण्याला उचकी लागलीय."

लागलीच होती. पुढे जाता जाता तो सारखा किंचित मागे येत होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. बसलेल्या बायका स्थिर, त्यांच्या हातातल्या पंख्यासारख्या हलणाऱ्या पदरांना उचकी. म्हणजे हलणाऱ्याच गोष्टींना. विणताना झडपांचा क्रम उलटा झाला होता. मिनीडीव्हीचा कॅमेरा खालची झडप आधी टिपतो. माझ्या आज्ञावलीतून चित्रं तशीच, खालची आधी, बाहेर पडत होती. पण एमपेग-2 करणाऱ्या प्रोग्रामात मी 'वरची आधी' निवडलं होतं, कारण डीव्हीडीला तसंच असतं असं कोणीतरी सांगितलेलं. डीव्हीडीला दोन्ही चालतं, फक्त खरं सांगावं लागतं. मी खोटं सांगितलं होतं. त्यामुळे क्षण 1, 2, 3, 4, 5, 6 असे न दिसता 2, 1, 4, 3, 6, 5 असे दिसत होते. स्थिर वस्तूला काही फरक पडत नाही. दोन्ही क्षणी ती तिथेच असते. पाळण्याला पडतो. माझा सपाट टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही झडपा आधी एकजीव करून मगच चित्र दाखवत, त्यात ही उचकी विरघळून जात होती. नळीचा टीव्ही काही विरघळवत नाही. दिलं तसं दाखवतो.

एका छोट्या चौकोनातली एक निवड. ती बदलली, नाव खालून वर घेतलं, पुन्हा अकरा तास. रात्री पुन्हा वॉचमनच्या खोलीत. यावेळी तिथे शेजारच्या सोसायटीचा वॉचमनही येऊन बसला होता. पाळणा हलला. आम्ही तिघंही बघत होतो. "गेली उचकी," काका म्हणाले. मग त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. घुगऱ्या वाटल्या तिथे शेजारच्याने विचारलं, अमेरिकेत हरभरे मिळतात का?

ही पाचवी डिस्क मी कुरियरने पाठवली नाही. मार्चअखेरीचं काम उरकलं, मेमध्ये रजा घेतली आणि स्वारगेटहून रात्रीची एसटी पकडली. सोबत लॅपटॉप आणि कोऱ्या डिस्क दहा, कारण आता माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. कुंभार्ली घाट उतरताना उजाडलं.

आत्याच्या खळ्यात शिरलो तर चिकूच्या झाडावर माझ्या चारही डिस्क सुतळीने टांगलेल्या. उन्हात फिरत होत्या, भिंतीवर, गोठ्यावर कवडसे पळत होते. "वानरांसाठी," आत्या म्हणाली. "पहिले दोन दिवस घाबरली. आता त्यात बघून भांग पाडतात." चौथी सुद्धा टांगली होती, जिच्यात नाव ऐकू येत होतं. मी काही बोललो नाही. मला वाटलं होतं तीतरी ठेवील.

वीज दुपारी दोनला येणार होती. तोवर आमरस झाला, फणसाचे गरे झाले. दोनला टीव्ही लावला. डिस्क आत गेली. मी मेनू वगैरे काही ठेवलाच नव्हता, आत गेली की थेट सुरू. आत्या चष्मा लावून पुढे बसली. मी चित्राकडे बघतच नव्हतो. कडा बघत होतो, पदर बघत होतो, ओठ बघत होतो.

पाळणा हलला. सरळ गेला, सरळ आला.

कुर्र झालं. नाव आलं. आत्या काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, "थांबव."

माझ्या पोटात गोळा आला. "काय दिसतंय?"

"ती मागे निळ्या साडीत उभी आहे ती कोण? पाळण्याची दोरी तिच्या हातात का दिलीय?"

मला माहीत नव्हतं. आम्ही तो भाग चार वेळा बघितला. मग आतेभावाला फोन लावावा असं ठरलं, पण तिकडे पहाट झाली होती, म्हणून रात्रीपर्यंत थांबायचं ठरलं. चारला वीज गेली.

संध्याकाळी खालच्या वाडीतून एक काकू आल्या. आत्याने आधीच वर्दी दिलेली दिसत होती. त्यांनी डिस्क मागितली, घरी नेऊन बघतो म्हणाल्या, सुनेला दाखवायचंय. मी मोठ्या ऐटीत दिली. वीज आल्यावर, रात्री नऊ वाजता, त्यांचा नातू बॅटरी घेऊन चढण चढून परत आला. डिस्क त्याच्या हातात होती.

"नो डिस्क म्हणतंय," तो म्हणाला.

"कसला प्लेअर आहे तुमचा?"

"व्हीसीडी."

व्हीसीडी प्लेअर डीव्हीडी वाचूच शकत नाही. त्याला साधी सीडी लागते, चित्र एमपेग-1, आवाज 44.1 किलोहर्ट्झ. बेचाळीस मिनिटं एका सीडीत आरामात बसतील. पिशवीतल्या दहाच्या दहा कोऱ्या डिस्क डीव्हीडी होत्या. मी एसटीचं तिकीट खिशातून काढलं आणि मागच्या बाजूला लिहून घेतलं: 352 गुणिले 288, दर 1150, देवरुखला सीडी मिळते का बघणे.

"टीव्ही कुठला आहे?" मी पोराला विचारलं. "नवा की पोटाचा?"

"पोटाचा," तो म्हणाला. "पण चित्र जरा हिरवं येतं."